भर दुपारचे ऊन, एफ १.८ आणि एनडी फिल्टर

माडाखाली (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याजवळच्या एका कार्यालयात माझ्या मावसभावाचे लग्न झाले. मुहूर्त १२ वाजून ३१ मिनिटांचा होता. अक्षता पडल्यावर आणि पंगत बसण्यापूर्वी जो वीस-पंचवीस मिनिटांचा अवधी मिळतो, त्यात वधूवरांना मागच्या हिरवळीवर नेऊन चार निवांत छायाचित्रे काढायची, असे मी आधीच ठरवले होते. माझ्याकडे फुल फ्रेम कॅमेरा आणि ८५ मिमी एफ १.८ लेन्स आहे (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र म्हणजे ॲपर्चर मोठे आणि पार्श्वभूमी धूसर). कॅमेऱ्याचा किमान आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० आहे आणि शटरचा सर्वाधिक वेग १/४००० सेकंद आहे. एफ १.८ वर येताच शटरचा आकडा १/४००० ला जाऊन लुकलुकू लागला आणि नवरदेवाच्या पांढऱ्या उपरण्याच्या चुण्या दिसेनाशा झाल्या. रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून) त्या थोड्याफार परत आल्या, पण वधूच्या पिवळ्या अष्टपुत्रीचे पोत काही परत आले नाही.

घाबरून मी एफ ८ केले. उजेड नेमका आला, परंतु वधूवरांच्या मागे आचाऱ्याची पातेली, खुर्च्यांची चळत आणि पाण्याचा टँकर ही मंडळीही जवळच्या नातेवाइकांसारखी स्पष्ट उभी राहिली. टँकरवरचा दूरध्वनी क्रमांक दहाही अंकांनिशी वाचता येतो.

येत्या २८ तारखेला एका मित्राचे लग्न आहे, तेही दुपारचेच. एनडी फिल्टर, म्हणजे लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणारी करडी काच, घ्यावा असे मनात आहे. किती स्टॉपचा घ्यावा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट होणे), ठरावीक घनतेचा घ्यावा की फिरवून कमी-जास्त होणारा, आणि त्याच्यासोबत फ्लॅश वापरता येतो का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुनारोल

आधी हिशेब मांडू या, म्हणजे खरेदी किती करायची हे आपोआप कळेल. निरभ्र आकाशातल्या थेट उन्हासाठी फिल्मच्या काळापासून चालत आलेला ठोकताळा असा आहे की एफ १६ ठेवले, तर शटर आयएसओच्या आकड्याइतके धरावे, म्हणजे आयएसओ १०० ला १/१००. तिथून एफ ११, ८, ५.६, ४, २.८ अशा पायऱ्या उतरत सहाव्या पायरीला एफ २ येते, आणि प्रत्येक पायरीला शटरचा वेग दुप्पट करत गेलो की १/६४०० येते. एफ १.८ ला तेच सुमारे १/८००० होते आणि एफ १.४ ला १/१२८००. तुमचे शटर १/४००० ला थांबते, त्यामुळे तुमच्याकडे एक स्टॉप उजेड जास्त झाला, आणि अष्टपुत्रीचे पोत गेले ते त्या एका स्टॉपापायीच.

तेव्हा फ्लॅश नसेल, तर कागदावर एनडी२ (उजेड निम्मा करणारा) सुद्धा पुरतो. प्रत्यक्षात मात्र पांढरी फरशी, वाळू किंवा चुना मारलेली भिंत जवळ असली की उजेड आणखी वाढतो, म्हणून मी एनडी८ सुचवीन. तो ३ स्टॉप कापतो आणि एफ १.८ ला तुम्हाला १/१००० वर आणून ठेवतो, जिथे वर-खाली दोन्हीकडे हालचालीला जागा राहते.

फिल्टरवरच्या आकड्यांत मात्र फार गोंधळ आहे, त्याविषयी सावध करतो. एनडी८ याचा अर्थ आठ पटीने कमी उजेड, म्हणजे ३ स्टॉप. तोच फिल्टर दुसरी कंपनी ०.९ असा लिहिते, कारण ती घनता लिहिते आणि घनता हा १० च्या पायावरचा लॉगॅरिथम असतो. दर ०.३ घनतेला उजेड निम्मा होतो. ही मोजण्याची रीत हर्टर आणि ड्रिफील्ड या जोडीने १८९० मध्ये निगेटिव्हचा काळेपणा मोजण्यासाठी मांडली आणि ती आजही चालू आहे. बी प्लस डब्ल्यू या जर्मन कंपनीच्या फिल्टरवर १०३, १०६, ११० असे आकडे दिसतात, त्यांतला शेवटचा भाग थेट स्टॉप सांगतो. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना दुकानदाराने ‘एफ १.८ लेन्सला १.८ चाच एनडी लागतो’ असे सांगून ६ स्टॉपचा फिल्टर विकला होता. घनता १.८ आणि ॲपर्चर १.८ यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही.

जाता जाता एक आठवण सांगतो. माझ्या पेंटॅक्स के१००० या फिल्म कॅमेऱ्याचे शटर १/१००० ला थांबत असे आणि आत बहुधा आयएसओ ४०० ची फिल्म असे, ती ३६ फोटो संपेपर्यंत बदलता येत नसे. उन्हात एफ ११ च्या खाली यायचे, तर फिल्टरच लावावा लागे. १९८२ साली निकॉन एफएम२ ने १/४००० दिले, तेव्हा आता एनडीची गरज संपली असे आम्ही एकमेकांना सांगितले होते. पुढे एफ १.४ च्या लेन्स हाती आल्या आणि पुन्हा फिल्टर विकत घेतले.

घाटमाथा

जुनारोल यांचा हिशेब बिनचूक आहे, पण मला हा सगळा प्रकार ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ असा वाटतो. पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस असतो आणि त्या दिवसांत सूर्य मध्यान्हीला येतो तो साधारण साडेबारालाच. म्हणजे धागाकर्त्याने वधूवरांना उभे केले, तेव्हा सूर्य त्यांच्या अगदी टाळूवर होता. अशा उजेडात कपाळ आणि नाकाचा शेंडा चकाकतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि मुंडावळ्यांची सावली गालावर उतरते. एनडी फिल्टर चमकत्या कपाळाचा आणि काळ्या खोबणीचा उजेड सारख्याच प्रमाणात कमी करतो, त्यामुळे दोहोंतले अंतर आहे तेवढेच राहते. टँकर पुसट होईल, पण नवरी रात्रभर जागल्यासारखीच दिसेल.

त्याऐवजी त्यांना झाडाखाली, ओसरीच्या कडेला किंवा इमारतीच्या सावलीत, तोंड मोकळ्या आकाशाकडे करून उभे करावे. मोकळ्या सावलीत थेट उन्हापेक्षा साधारण ४ स्टॉप उजेड कमी असतो, म्हणजे एफ १.८ ला शटर १/५०० च्या आसपास येते. फिल्टर नको, फ्लॅश नको आणि खर्चही नको.

माडाखाली

घाटमाथा, आपले म्हणणे तत्त्वतः मान्य आहे. त्या कार्यालयाला ओसरी होती, पण तिच्यात दोनशे माणसांच्या चपला होत्या. झाड एकच होते आणि त्याखाली व्याह्यांची गाडी उभी होती, ती हलवायला सांगण्याची माझी छाती झाली नाही. २८ तारखेचे लग्न तर उघड्या लॉनवर आहे आणि तिथे उंचीने मोठी अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे प्रवेशद्वाराची कमान. त्यामुळे उन्हातच काही मार्ग काढता येईल का, हा माझा प्रश्न कायम आहे.

तिसरापडदा

फिल्टर घेण्याआधी कॅमेऱ्यातले इलेक्ट्रॉनिक शटर तपासावे, असे बरेच जण सांगतील, म्हणून त्याच्या मर्यादा इथे नोंदवून ठेवतो. अनेक मिररलेस कॅमेऱ्यांत ते १/१६००० किंवा १/३२००० पर्यंत जाते. परंतु तो वेग संवेदकावरच्या (सेन्सरवरच्या) एकेका ओळीचा असतो. वरपासून खालपर्यंतच्या सगळ्या ओळी वाचून व्हायला पुष्कळ कॅमेऱ्यांना १/१५ ते १/६० सेकंद लागतो. निवांत उभ्या जोडप्याला त्याने बाधा येत नाही, पण पाठीमागून गाडी गेली तर ती तिरकी होते, वधूने झटकन मान वळवली तर चेहरा किंचित ओढल्यासारखा दिसतो, आणि अशा बहुतेक कॅमेऱ्यांत त्या शटरवर फ्लॅश चालतच नाही. सोनीच्या २०२३ मधल्या ए९ थ्री या कॅमेऱ्यात सगळ्या ओळी एकाच क्षणी वाचल्या जातात आणि शटर १/८०००० पर्यंत जाते, पण त्याचा मूळ आयएसओच २५० आहे, म्हणजे उन्हात सव्वा स्टॉप तिथेच खर्च होतो.

दुसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही. ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन’ या प्रकारात शटरच्या दोन पडद्यांपैकी उघडणारा पहिला पडदा संवेदकावर विजेने चालतो आणि झाकणारा दुसरा खरोखरीचा असतो. हे दोन पडदे एका पातळीत नसतात. मोठ्या ॲपर्चरला १/२००० च्या वरचा वेग वापरला की त्या फरकामुळे पार्श्वभूमीतली उजेडाची वर्तुळे एका कडेने कापली जातात आणि धूसरपणा चिरफळल्यासारखा कर्कश दिसतो. ज्या बोकेसाठी, म्हणजे धूसर पार्श्वभूमीसाठी (मांजरांचे नव्हेत), महागडी लेन्स घेतली, तेच बिघडतात. काही कॅमेऱ्यांत, उदाहरणार्थ कॅननच्या ईओएस आरपीमध्ये किंवा सोनीच्या ए७सी मध्ये, यांत्रिक पहिला पडदा मुळात दिलेलाच नाही. अशा कॅमेऱ्यावर एनडी८ लावून शटर १/१००० पर्यंत खाली आणले, तर धूसरपणा पुन्हा गोल आणि मऊ होतो. शटरचा वेग संपला नसतानाही एनडी लावण्याचे हे एक सबळ कारण आहे.

आणि कॅमेऱ्यात ‘आयएसओ ५०’ दिसत असेल, तर त्याच्या भरवशावर राहू नये. पुष्कळ कॅमेऱ्यांत तो मूळ आयएसओ १०० ची, एक स्टॉप जास्त उजेड दिलेली आणि मग सॉफ्टवेअरने काळवंडवलेली फाइल असतो. अष्टपुत्रीचे पोत तिथेही जाईल, फक्त पडद्यावर ते गेल्याचे उशिरा कळेल.

शेवंती

मी गेली अकरा वर्षे लग्नांचे काम करते आणि त्यांतली निम्मी लग्ने दुपारची असतात, म्हणून फ्लॅशचा भाग मी सविस्तर लिहिते. एनडी फिल्टरचा खरा उपयोग तिथेच आहे आणि सर्वांत मोठा गैरसमजही तिथेच आहे.

पडदा-शटरमध्ये एका ठरावीक वेगापर्यंतच संपूर्ण संवेदक एका क्षणी उघडा असतो. हा वेग बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० असतो. त्यापुढे दुसरा पडदा पहिल्याच्या पाठोपाठ निघतो आणि मध्ये फक्त एक फट सरकत जाते. फ्लॅश एकदाच कडाडून चमकला, तर फटीपुरताच भाग उजळतो आणि बाकीच्या चौकटीवर काळा पट्टा येतो. म्हणजे फ्लॅश वापरायचा तर शटर १/२०० च्या पुढे नेता येत नाही, आणि एफ २ ला ऊन तर १/६४०० मागते. हे अंतर ५ स्टॉपचे आहे. एनडी३२ लावला की एफ २, १/२००, आयएसओ १०० असा उन्हाचा नेमका जमाखर्च जुळतो. मी स्वतः एनडी६४ लावते, म्हणजे त्याच आकड्यांवर आजूबाजूचे ऊन एक स्टॉप खाली जाते, आकाशाला आणि हिरवळीला रंग येतो, आणि चेहऱ्याची उणीव मी फ्लॅशने भरून काढते.

आता गैरसमजाबद्दल. एफ २ ला फ्लॅश कमी ताकदीवर भागेल असे लोकांना वाटते, कारण घरात तसे भागते. पण फिल्टर उन्हाला जसा अडवतो तसाच फ्लॅशच्या उजेडालाही अडवतो. एफ २ वर ६ स्टॉपचा फिल्टर लावला, तर फ्लॅशच्या दृष्टीने तुम्ही एफ १६ वरच उभे आहात. एनडीने फ्लॅशचा भार हलका होत नाही, फक्त तेवढ्याच भारात पार्श्वभूमी धूसर ठेवण्याची सवलत मिळते. कॅमेऱ्यावर बसणाऱ्या साध्या फ्लॅशला छत्री लावली, तर दीड मीटरवरून पूर्ण ताकदीने मारूनही तो दुपारच्या उन्हाच्या जेमतेम बरोबरीला येतो, आणि दोन फोटोंच्या मध्ये त्याला श्वास घ्यायला तीन-चार सेकंद लागतात.

याला पर्याय म्हणजे हाय-स्पीड सिंक. त्यात फ्लॅश एकदाच न चमकता फट सरकेपर्यंत अतिशय वेगाने लुकलुकत राहतो, त्यामुळे १/६४०० लाही चालतो आणि फिल्टर लागत नाही. मात्र त्यातला पुष्कळसा उजेड पडद्यांवरच वाया जातो आणि साधारण २ ते अडीच स्टॉपचा फटका बसतो. एका फ्लॅशचे काम करायला चार फ्लॅश लागतात. मे महिन्यात असे वीसेक फोटो लागोपाठ घेतले की फ्लॅश तापून स्वतःच काम थांबवतो, आणि पाठीमागे भटजी सप्तपदीसाठी हाका मारत असतात. म्हणून एकच लहान फ्लॅश असणाऱ्याला मी एनडी६४ सांगते, आणि ज्याच्याकडे मोठा बॅटरीवाला स्टुडिओ फ्लॅश आहे त्याने हाय-स्पीड सिंक खुशाल वापरावे, कारण त्यात फिल्टर चढव-उतरव करण्याची कटकट नाही.

तिसरा मार्ग पानांसारख्या उघडझाप होणाऱ्या, लेन्समध्येच बसवलेल्या शटरचा आहे. त्यात फट सरकतच नाही, म्हणून फ्लॅश बऱ्याच वरच्या वेगापर्यंत चालतो. फुजीफिल्मच्या एक्स१०० मालिकेत असे शटर आहे, आणि एनडी फिल्टरही आतच बसवलेला आहे, आधीच्या कॅमेऱ्यांत ३ स्टॉपचा आणि २०२० च्या एक्स१००व्ही पासून ४ स्टॉपचा. माझ्या पिशवीत तो कॅमेरा केवळ एवढ्यासाठी असतो.

घाटमाथा यांच्या मुद्द्यावर शेवटचे. सावली नसेल, तर ती करावी लागते. दोन मीटर पांढरे मलमल दोन करवल्यांच्या हाती देऊन वधूवरांच्या डोक्यावर ताणून धरायला सांगावे. ‘अंतरपाट डोक्यावर कशाला?’ असे कुणीतरी विचारतेच. कापडाखाली उजेड एक-दीड स्टॉप कमी होतो, पण तो पसरट आणि मऊ होतो आणि डोळ्यांच्या खोबणी उजळतात. पार्श्वभूमी मात्र तेवढीच उन्हात राहते आणि चेहऱ्यापेक्षा उजळ दिसते, म्हणून मागे पांढरी भिंत न घेता झाडोरा घ्यावा.

भरदुपारी

मी मुख्यतः चित्रफिती करतो, त्यामुळे मला एनडीशिवाय गत्यंतरच नाही. सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रीकरणाला शटर १/५० च्या आसपास ठेवावे लागते, नाहीतर चालणारी माणसे झटके खात चालल्यासारखी दिसतात. एफ २.८ ला ऊन १/३२०० मागते, म्हणजे ६ स्टॉप इथेच झाले. लॉग प्रोफाइलचा (नंतर रंग बसवण्यासाठी केलेल्या फिक्या चित्रीकरणाचा) मूळ आयएसओ ८०० असेल, तर आणखी ३ स्टॉप वाढले. वेळ बदलेल तसे हे गणित बदलते आणि चालू चित्रीकरणात फिल्टर काढ-घाल करता येत नाही, म्हणून मी फिरवायचा एनडी वापरतो. पण फोटो काढणाऱ्याने तो घेऊ नये, असे माझे मत आहे.

कारण असे की फिरवायचा एनडी म्हणजे एकापुढे एक बसवलेले दोन पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा उजेड जाऊ देणाऱ्या काचा) असतात. मालुस या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०९ च्या सुमारास मांडलेला नियम त्यात काम करतो. दोन्हींचे अक्ष समांतर असले की उजेड सर्वाधिक जातो, आणि काटकोनाकडे नेत गेले की जवळजवळ बंद होतो. म्हणूनच शेवटच्या टप्प्यावर, विशेषतः रुंद लेन्सवर, चौकटीत फुलीसारखा काळा डाग उमटतो. पुढची काच पोलरायझर असल्यामुळे प्रत्येक फिरवण्यासरशी पानांवरची, पाण्यावरची आणि घामेजलेल्या कपाळावरची चकाकी बदलते. सोन्याच्या दागिन्यांची चमक धातूची असल्यामुळे फारशी जात नाही, हे आपले नशीब. पण उभा फोटो काढायला कॅमेरा वळवला की तोच फिल्टर आकाशाचा वेगळाच भाग काळा करतो आणि अल्बममध्ये शेजारी-शेजारी लावलेल्या दोन फोटोंतले आकाश जुळत नाही.

आणखी एक अनुभव आहे. सोमवती अमावस्येला जेजुरीला गेलो असताना भंडारा उधळला गेला आणि फिरत्या कड्याच्या फटीतून दोन काचांच्या मधोमध जाऊन बसला. कडे फिरवले की आत हळदीचा पिवळा अर्धचंद्र फिरताना दिसत असे. तो फिल्टर उघडता येत नव्हता, अजूनही तसाच पिवळा आहे. ठरावीक घनतेच्या एकसंध काचेला हा त्रास नाही, ती नळाखाली धरून पुसता येते.

जुनारोल

मापाबद्दल राहून गेले. फिल्टर ८५ मिमीच्या लेन्सच्या ६७ मिमी आट्यांचा न घेता, तुमच्याकडच्या किंवा पुढे घ्यायच्या सर्वांत मोठ्या लेन्सच्या मापाचा, म्हणजे ७७ किंवा ८२ मिमीचा घ्यावा आणि लहान लेन्ससाठी स्टेप-अप कडी घ्यावी. तोटा एवढाच की मूळ हूड (लेन्सवर पडणारे ऊन अडवणारी कड) मग बसत नाही, आणि एनडीच्या जास्तीच्या काचेमुळे हूडची गरज तर वाढलेली असते. माझा उपाय म्हणजे डाव्या हाताचा तळवा लेन्सच्या वर धरणे. यूव्ही फिल्टर आधी काढावा आणि मगच एनडी लावावा.

माडाखाली

सर्वांचे आभार. ठरावीक घनतेचे दोन फिल्टर घेतले, एनडी८ आणि एनडी६४, दोन्ही ७७ मिमी. लग्नाआधी गच्चीवर पांढरा कागद आणि करड्या रंगाची भिंत घेऊन चाचणी केली. एनडी८ तीन स्टॉपला जवळजवळ नेमका आहे. एनडी६४ मात्र हिस्टोग्रामवर (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर) एक तृतीयांश स्टॉप जास्तच कापतो आणि रंग किंचित उबदार करतो. कागदावरून व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे यासाठीची रंगांची जुळणी) बसवल्यावर तो उबदारपणा गेला. ऑटोफोकस अडखळेल अशी भीती होती, पण उन्हात ६ स्टॉप कापूनही कार्यालयाच्या आतल्यापेक्षा जास्तच उजेड उरतो, त्यामुळे काही फरक जाणवला नाही.

एक कोडे मात्र सुटलेले नाही. चाचणीसाठी मेहुण्याला त्याचा काळा बंदगळा घालून उभे केले होते. एनडी६४ लावल्यावर तो कोट चॉकलेटी, काहीसा किरमिजी दिसतो. शेजारीच दोरीवर वाळत घातलेली काळी सुती छत्रीची पिशवी मात्र काळीच आहे. चेहराही बरोबर आहे. व्हाइट बॅलन्स बदलला, तर कोट काळा होतो, पण मेहुणा हिरवट दिसू लागतो. फिल्टर सदोष आहे का?

जुनारोल

फिल्टर सदोष नाही, तो फक्त अवरक्त किरणांना दृश्य उजेडाइतका अडवत नाही. संवेदकापुढे अवरक्त किरण रोखणारी काच कॅमेऱ्यातच असते, पण लाल रंगाच्या लगतचे थोडे किरण तिच्यातून निसटतात. एरवी दृश्य उजेडाच्या मानाने ते नगण्य असतात. तुम्ही दृश्य उजेड ६४ पटीने कमी केला आणि ते मात्र त्या प्रमाणात कमी झाले नाहीत, त्यामुळे त्यांचा वाटा वाढला. पॉलिस्टरच्या पुष्कळ काळ्या रंगांवरून हे किरण परावर्तित होतात आणि डोळ्याला काळे दिसणारे कापड कॅमेऱ्याला तांबूस दिसते. तुमच्या सुती पिशवीचा रंग वेगळा असणार. एनडी८ वर हा परिणाम सहसा नजरेत भरत नाही, ६ स्टॉपपासून पुढे तो जाणवू लागतो. अवरक्तही अडवणारे एनडी मिळतात, त्यांवर ‘आयआर’ असे लिहिलेले असते. दुकानात जाताना पॉलिस्टरचा काळा कोट बरोबर न्यावा आणि दुकानाबाहेरच्या उन्हात एक फोटो घेऊन पाहावा.

शेवंती

हातात असलेल्या फिल्टरवर निभवायचे असेल, तर संपादनात फक्त कोटावर मास्क लावून त्याची रंगतीव्रता शून्यावर आणावी. एका फोटोला अर्धा मिनिट लागतो. आणि आधीच नवरदेवाला दूरध्वनी करून कोट कोणत्या कापडाचा आहे ते विचारावे. तो ‘काळा’ एवढेच सांगेल, तेव्हा त्याच्या आईला विचारावे.

माडाखाली

२८ तारीख पार पडली. नवरदेवाने मोतिया रंगाची शेरवानी घातली होती, त्यामुळे कोटाचा प्रश्न आलाच नाही. मलमल दोन चुलतभावांनी धरले. आधी फ्लॅश न लावता एनडी८ वर एफ २, १/४०० असे फोटो घेतले. मागची हिरवळ एक स्टॉप उजळ आली, पण वाईट दिसत नाही, आणि पाठीमागचा जनरेटर कुठे होता हे मलाच शोधावे लागते. नंतर एनडी६४ आणि छत्रीतला एक फ्लॅश असे आठ-दहा फोटो घेतले. फ्लॅश पूर्ण ताकदीवर होता, आणि शेवंतीताईंनी सांगितलेले ते तीन-चार सेकंद उन्हात उभ्या वधूवरांना फार मोठे वाटले. त्या फोटोंतले आकाश खरोखर निळे आहे. तरीही घरच्यांनी मोठे करून लावायला निवडले ते मलमलाखालचे, बिनफ्लॅशचेच. घाटमाथा यांना हे कळवायलाच हवे होते.

एक अडचण उरली आहे. उन्हातून आत मांडवात धावत आलो आणि एनडी६४ काढायला गेलो, तर तो स्टेप-अप कडीत पक्का अडकून बसला होता. सप्तपदीचे पहिले तीन फोटो आयएसओ १२८०० वर काढले. फिल्टर आणि कडी अजून एकमेकांना सोडायला तयार नाहीत. पक्कड लावू का?

तिसरापडदा

पक्कड मुळीच लावू नका. कडे दाबले गेले की किंचित लंबगोल होते आणि मग आट्यांत आणखी घट्ट रुतते. दोघांनाही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे. नंतर फिल्टरच्या कडेभोवती दुधाच्या पिशवीला असतो तसला रुंद रबर बँड गुंडाळावा, तळहात सपाट ठेवून न आवळता फिरवावे. सुटले की आट्यांवर मऊ पेन्सिलीचे टोक एकदा फिरवून ठेवावे. पुढच्या वेळी कडी ॲल्युमिनियमची न घेता पितळी घ्यावी, ती सहसा अशी अडकत नाही.

माडाखाली

सुटला. फ्रिजमध्ये कैरीच्या पन्ह्याशेजारी ठेवला होता.